पाणी कोळशात की धुरात?

थंडी पडली की खान्देशात भरीत पार्ट्यांचे दिवस येतात. बामणोदची हिरवी वांगी, शेतात रचून ठेवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, ठेचायला लाकडी बडजी आणि सोबत कळण्याची पुरी. पऱ्हाट्या खणखणीत वाळलेल्या असल्या की भडका उठतो, धूर जेमतेम दिसतो आणि वांगी पाहता पाहता भाजून निघतात. अवकाळीचा एखादा शिंतोडा पडून गेला असेल तर मात्र त्याच पऱ्हाट्या नुसत्या धुमसतात. सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि दम्याचा त्रास असलेला एखादा नातेवाईक उठून लांब बांधावर जाऊन बसतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शेतात, अशाच धुरात, ओळखीतल्या एका तरुण इंजिनिअरने मला प्रश्न विचारला. तो एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. ‘‘काका, बारीक दळलेल्या कोळशात तिसरा हिस्सा पाणी घालून ते जाळतात म्हणे. आणि कोरड्या कोळशापेक्षा ते स्वच्छ जळतं म्हणे. इथे चार थेंब पाण्याने आपल्या डोळ्यांची ही गत झालीये. मग ते कसं काय जमतं?’’

प्रश्न इंजिनिअरचा होता आणि उत्तरही खरं तर इंजिनिअरनेच द्यायचं. पण सरकारी रुग्णालयात इतकी वर्षं छातीचे रुग्ण तपासताना एक कळलंय: चुलीपासून वीजकेंद्रापर्यंत जे जे जळतं, त्याचा शेवटचा हिशेब आमच्या ओपीडीत होतो. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं, ते दीपनगरच्या चिमण्या रोज पाहणाऱ्या आपल्या भागासाठी महत्त्वाचं वाटलं, म्हणून आज त्याविषयी.

कोळशाचं पातळ पिठलं

कोळसा आणि पाणी यांचं हे मिश्रण नवं नाही. १९७३ आणि १९७९ साली तेलाचे भाव कडाडले, तेव्हा जगभर तेलावर चालणारे हजारो बॉयलर होते. कोळसा स्वस्त होता, पण तो नळीतून वाहत नाही आणि फवारता येत नाही. मग कल्पना निघाली की कोळसा पिठासारखा दळायचा, साठ ते सत्तर टक्के कोळशात तीस ते चाळीस टक्के पाणी घालायचं, आणि गाळ खाली बसू नये म्हणून एक टक्क्याच्या आसपास रसायन मिसळायचं. तयार होतं ते पातळ पिठल्यासारखं काळं द्रव्य. ते पंपाने ओढता येतं, टाकीत साठवता येतं, भट्टीत फवारता येतं. उडून जाणारी कोळशाची धूळ नाही आणि साठ्याला आपोआप आग लागण्याची भीतीही नाही.

इतका कोळसा इतक्या कमी पाण्यात मावतो तो कणांच्या आकारामुळे. सगळे कण एकाच मापाचे असतील तर मधल्या फटी पाण्याने भराव्या लागतात. मोठ्या कणांच्या फटीत बारीक कण बसवले तर पाणी कमी लागतं. काँक्रीटमध्ये खडीच्या फटींत वाळू बसते, तसंच.

सोव्हिएत संघाने सैबेरियात बेलोवो ते नोवोसिबिर्स्क अशी २६२ किलोमीटरची नळवाहिनी टाकून हे इंधन वीजकेंद्रापर्यंत नेलं; काही वर्षांतच ती बंद पडली. चीनने मात्र या इंधनाचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. आजही कोळशापासून वायू तयार करणाऱ्या काही प्रकारच्या भट्ट्यांत कोळसा-पाण्याचा हाच काला सोडतात. आपल्याकडे हा विषय आता पुन्हा निघण्याचं कारणही तेच आहे. २०३० पर्यंत दहा कोटी टन कोळशाचं वायूत रूपांतर करण्याचं उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवलं आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली आहे. येत्या काही वर्षांत ‘स्वच्छ कोळसा’ हे शब्द आपण पुष्कळदा ऐकणार आहोत.

ओली पऱ्हाटी आणि ओला कोळसा

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. ओली पऱ्हाटी का धुमसते? पाणी उडून जाईपर्यंत काडीचा ओला भाग शंभर अंशांच्या वर तापत नाही. विस्तवाची बरीचशी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. दरम्यान काडीच्या वाळलेल्या भागातून जळाऊ वायू बाहेर पडू लागतात, पण ते पेटायला हवी तेवढी उष्णता आसपास नसते. न पेटलेले हे वायू थंड होऊन त्यांचे सूक्ष्म थेंब आणि काजळी बनते. डोळ्यांना झोंबतो तो हाच धूर. म्हणजे धूर हे अर्धवट राहिलेलं जळण आहे.

बॉयलरच्या भट्टीत मामला वेगळा असतो. तिथे तापमान हजार अंशांच्या बरंच वर असतं. काळं मिश्रण हवेच्या किंवा वाफेच्या झोताने फवारलं जातं आणि त्याचे बारीक थेंब होतात. थेंबातलं पाणी क्षणार्धात उडतं. थेंबातले कोळशाचे कण एकमेकांना चिकटून छिद्रांचा एक छोटा गोळा तयार होतो. त्यातून जळाऊ वायू सुटतात, ते लगेच पेटतात आणि शेवटी उरलेला कार्बन सावकाश जळतो. पाण्यामुळे पेट घ्यायला थोडा उशीर होतो, म्हणून भट्टीतली हवा आधीच तापवून सोडावी लागते आणि ज्योत जागेवर धरून ठेवावी लागते. थेंब मोठा राहिला तर आतला कार्बन जळायच्या आतच भट्टीबाहेर पडतो. त्यामुळे सारा खेळ फवाऱ्याच्या तोंडावर असतो, आणि कोळशातल्या खड्यामातीने ते तोंड झिजतं हे इंजिनिअर लोकांचं कायमचं दुखणं आहे.

पाण्यामुळे किती उष्णता वाया जाते, याचा हिशेब मी आम्हा डॉक्टरांच्या ओळखीच्या कॅलरीत करून पाहिला. एक किलो मिश्रणात ६५० ग्रॅम चांगला कोळसा धरला तर त्यातून सुमारे ३,९०० किलोकॅलरी मिळतात. उरलेल्या ३५० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे नुकसान साधारण पाच टक्के. ओल्या पऱ्हाटीचा अनुभव असलेल्या माणसाला हा आकडा फारच कमी वाटेल. पण भट्टी मोठी, तापलेली आणि हवेने ढवळलेली असेल तर पाणी हा अडथळा उरत नाही. उलट ज्योतीचं तापमान थोडं उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. त्या तरुणाने ऐकलेलं ‘स्वच्छ जळतं’ हे एवढ्यापुरतं खरं आहे.

पाण्याला न धुता येणारं

डॉक्टर म्हणून मला विचारायचं असतं ते यापुढचं. कोळशात कार्बनबरोबर गंधकही असतं आणि राखही असते. पाणी मिसळल्याने त्यातलं काय कमी झालं?

काहीच नाही. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि राख राखच राहते. चांगल्या व्यवस्थेने धूर दिसेनासा होईल, काजळी थांबेल, पण जे भट्टीत गेलं ते कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर येणारच. परदेशातले जे प्रयोग यशस्वी झाले, ते बहुतेक कमी राखेच्या किंवा आधी धुऊन घेतलेल्या कोळशावर झाले. आपल्या कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. पस्तीस टक्के राखेचा कोळसा घेऊन वरचं मिश्रण केलं तर किलोभर इंधनात ३५० ग्रॅम पाणी, सुमारे २३० ग्रॅम राख आणि प्रत्यक्ष जळणारा ऐवज जेमतेम ४२० ग्रॅम. निम्म्याहून जास्त वजन फुकटचं वाहायचं. आपल्या वीजकेंद्रांनी हा मार्ग धरला नाही, याचं एक साधं कारण हेच आहे. ती कोरडा कोळसा दळून हवेच्या झोताने जाळतात, आणि पावसाळ्यात ओला कोळसा गिरण्यांत चिकटून बसतो म्हणून हैराण होतात.

दुसरं कारण पाणी. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसा खाणीतून कोळसा पाण्यात कालवून सुमारे ४४० किलोमीटर दूरच्या मोहावे वीजकेंद्राकडे नळातून नेला जाई. तिथे पाणी पिळून काढून मग कोळसा जाळत. १९७० ते २००५ अशी पस्तीस वर्षं हे चाललं. पाणी उपसलं जात होतं ते होपी आणि नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीखालचं, आणि त्यावरून मोठा संघर्ष झाला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

आता दीपनगर. भुसावळजवळच्या या केंद्रात २१० मेगावॅटच्या जुन्या संचांनंतर ५०० मेगावॅटचे दोन संच आले आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून. ५०० मेगावॅटचा कोणताही संच पूर्ण क्षमतेने चालला तर काय होतं, याचा ढोबळ हिशेब कागदावर मांडता येतो. एका युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ७,८०० टन कोळसा लागतो. राख पस्तीस टक्के धरली तर रोजची २,७०० टन. गंधक अवघा अर्धा टक्का धरला तरी रोज ३९ टन, आणि जळताना त्याला ऑक्सिजन चिकटत असल्याने सल्फर डायऑक्साइड त्याच्या दुप्पट, म्हणजे पाऊणशे टनांच्या घरात. राखेतला बहुतांश भाग विजेच्या भारावर चालणारी गाळणयंत्रणा पकडते; ती नीट चालली तर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त. वायूला मात्र ही गाळणी अडवू शकत नाही.

धूर ते रोजनाच शे

त्या वायूचं पुढे काय होतं, हे माझ्या कामाच्या जवळचं आहे. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. आपल्या श्वासनलिकेचं अस्तर ओलं असतं. दमेकऱ्याच्या श्वासात हा वायू गेला की तो तिथेच विरघळतो आणि काही मिनिटांत नळ्या आवळल्या जातात. हा झाला चिमणीच्या जवळपासचा त्रास.

दूरचा त्रास वेगळा आहे. हवेत तरंगता तरंगता, काही तासांत ते काही दिवसांत, हा वायू ऊन, दव आणि धुक्याच्या संगतीने सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत बदलतो. तोपर्यंत तो शेकडो किलोमीटर गेलेला असू शकतो. हे कण पीएम २.५ मध्ये मोडतात. ते नाकात किंवा घशात अडकत नाहीत; फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यांचा परिणाम फुफ्फुसापुरता न राहता हृदयावर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरही होतो.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस धुकं आणि कोळशाचा धूर एकत्र साचले. धुक्याच्या थेंबांत गंधकाचं आम्ल तयार झालं. तेव्हा मृतांचा अंदाज चार हजारांचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. इतक्या जुन्या काळात जायचं नसेल तर २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास पाहावा. १९९९ ते २०२० या काळात ६५ वर्षांवरील लोकांत कोळशाच्या वीजकेंद्रांच्या सूक्ष्म कणांमुळे सुमारे ४ लाख ६० हजार मृत्यू झाले, असं त्यात दिसलं. कोळशाच्या कणांचा धोका एकूण पीएम २.५ च्या सरासरी धोक्यापेक्षा दुपटीहून अधिक निघाला. त्याच अभ्यासातली आशादायक गोष्ट अशी, की सुरुवातीला वर्षाला ४३ हजारांच्या आसपास असलेले हे मृत्यू २०२० मध्ये १,६०० वर आले. काही केंद्रं बंद झाली आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी धूर धुवायला सुरुवात केली, म्हणून हे घडलं.

धूर धुणं म्हणजे काय? चुनखडीची पूड पाण्यात कालवायची आणि चिमणीकडे जाणाऱ्या वायूंवर तिचा वर्षाव करायचा. सल्फर डायऑक्साइड चुनखडीशी जोडला जातो आणि जिप्सम तयार होतं, जे सिमेंटला आणि भिंतींच्या फळ्यांना चालतं. नव्वद टक्क्यांहून अधिक वायू यात पकडला जातो. या यंत्रणेला थोडक्यात एफजीडी म्हणतात. त्या तरुणाला मी शेवटी हेच सांगितलं. पाणी कोळशात घातलं तर जळण सुधारेल, पण आरोग्याच्या दृष्टीने त्याची खरी जागा धुरात आहे.

दहा किलोमीटरची रेघ

बातमीचा विषय नेमका इथेच येतो. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा पहिल्यांदा घालून दिल्या. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने चित्रच बदललं. दिल्ली परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना ही मर्यादा पाळावी लागेल. अतिप्रदूषित भागाच्या किंवा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहराच्या दहा किलोमीटर आत असलेल्यांचा निर्णय प्रकरणागणिक होईल. उरलेल्यांना, म्हणजे देशातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना, चिमणीच्या उंचीचे निकष पाळले तर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट.

सरकारची बाजूही नीट ऐकायला हवी. आपल्या कोळशात गंधक कमी आहे. बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइडची पातळी मर्यादेच्या आतच असते. एफजीडी महाग आहे, तिला वीज आणि पाणी लागतं, आणि चुनखडीच्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आयआयटी दिल्ली, नीरी आणि बंगळूरुची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांच्या अभ्यासांचा आधार या निर्णयाला दिला गेला आहे. यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्याचा मुद्दा तर आपल्यासाठी विशेषच.

पण वैद्यकीय बाजूने माझा आक्षेप एका ठिकाणी आहे. हवेत सल्फर डायऑक्साइड कमी सापडतो, यावरून त्याचा त्रास कमी असं ठरत नाही. तो कमी सापडतो याचं एक कारण तो वाटेत सल्फेटच्या कणांत बदललेला असतो, आणि मग त्याची मोजणी पीएम २.५ च्या खात्यात जाते. वायूच्या खात्यात शिल्लक कमी दिसली म्हणून कर्ज फिटलं असं होत नाही. उंच चिमणीचंही तसंच. ती पायथ्याच्या गावाचा त्रास कमी करते, आणि वायूला दूरवर जायला, वाटेत कण व्हायला वेळ देते.

जळगाव शहर हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत आहे. दीपनगर मात्र जळगावपासून दहा किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे आहे. धुळे त्याहून खूप दूर. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाजवळ औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या, पुढे तिथे सौर प्रकल्पाची योजना आली, त्यामुळे मोठी कोळशाची चिमणी तिथे नाही. नकाशावर सगळं सुटसुटीत दिसतं. पण आपला प्रदेश म्हणजे वर सातपुडा आणि खाली अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामधलं तापीचं लांबट खोरं. हिवाळ्यात वारा बराच काळ ईशान्य-पूर्वेकडून असतो, पहाटे हवा जमिनीलगत साचते आणि दव पडतं. अशा खोऱ्यात दहा किलोमीटरवर आखलेली रेघ कुठल्या कणाला दिसते?

माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या छातीतला कण कुठून आला, हे मी सांगू शकत नाही. कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या एका मावशींची मला आठवण आहे. जन्मात विडी ओढलेली नाही, तंबाखूही नाही, आणि तरी फुफ्फुसं साठ वर्षं विड्या ओढणाऱ्या माणसासारखी. धुराचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘धूर ते रोजनाच शे, साहेब.’’ त्यांच्या आजारात सर्वांत मोठा वाटा चुलीचाच असणार. त्यात शेतात जाळलेल्या पऱ्हाट्या आहेत, रस्त्याची धूळ आहे, वीटभट्टी आहे. आधीच इतकं सोसलेल्या फुफ्फुसावर दुरून आलेल्या सल्फेटची भर पडली, तर ती निरोगी माणसापेक्षा त्यांना जास्त जड जाते. कोणाचा वाटा किती, हे ठरवायला मोजणी लागते. ती मोजणी करायची की नाही, हा आता आपल्यापुढचा प्रश्न आहे.

राखेचं पाणी

कोळसा आणि पाणी यांची आणखी एक गाठ आपल्या भागात रोज पडते. भट्टीच्या तळाची राख पाण्यात कालवून नळाने राखेच्या तलावात सोडतात. दीपनगरची राख वेल्हाळ्याच्या बंडात जाते. पाणी आहे तोवर ती दबून असते. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, वरचा थर वाळतो आणि वाऱ्याबरोबर उठतो. राख उडू नये एवढा ओलावा उन्हाळाभर टिकवणं, हे तिथल्या शेजारच्या गावांसाठी कोणत्याही औषधापेक्षा मोलाचं आहे. पावसाळ्यात भीती उलटी असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख-बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार राखेचा शंभर टक्के वापर सिमेंट, विटा, रस्ते यांत व्हायला हवा. तो जितका होईल तितका बंडावरचा भार उतरेल. राख वाहून नेणारा ट्रक झाकलेला आहे का, हे तर रस्त्याने जाणारा कोणीही पाहू शकतो.

काय मागायचं

एक गोष्ट स्पष्ट करतो. दीपनगर बंद करा, असं मी म्हणत नाही. माझ्या वॉर्डातले व्हेंटिलेटर, लहान मुलांच्या विभागातले वॉर्मर आणि ऑक्सिजनचा प्लँट याच विजेवर चालतात. रात्री अडीच वाजता वीज गेली की कोळशाची किंमत मलाही कळते. तिथल्या कामगारांची कुटुंबं माझ्याकडे तपासायला येतात.

माझं मागणं साधं आहे. मोठ्या चिमण्यांवर अखंड मोजणीची यंत्रं असतात. त्यांचे आकडे भुसावळ, जळगावच्या माणसाला मराठीत, रोज, सहज दिसतील असे लावावेत. भुसावळ, जळगाव आणि धुळे अशा तीन ठिकाणी निदान हिवाळ्याचे चार महिने पीएम २.५ मधला सल्फेटचा भाग वेगळा काढून मोजावा. सल्फेट जास्त निघालं तर सूट फेरविचारासाठी पुढे आणता येईल, कमी निघालं तर चूल आणि धूळ यांच्याकडे पैसा वळवता येईल. दोन्हींत फायदा रुग्णाचाच आहे.

आणि पऱ्हाट्या? औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर काही प्रमाणात जैविक इंधनाच्या गोळ्या जाळाव्यात, असं केंद्राचं धोरण आहे. कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर आपल्या शिवारात पऱ्हाट्यांचे ढीग पेटवले जातात. तीच पऱ्हाटी वाळवून, दळून, गोळ्या करून मोठ्या भट्टीत गेली तर उघड्यावर धुमसण्यापेक्षा कितीतरी पूर्ण जळेल, आणि शेतकऱ्याला चार पैसेही मिळतील. गावपातळीवर गोळा करण्याची सोय झाली तरच हे शक्य आहे.

घरापुरतं सांगायचं तर चूल पेटवायची असेल तेव्हा सरपण पूर्ण वाळलेलं असू द्या आणि लहान मुलांना, गरोदर बाईला, दमेकऱ्याला धुरापासून लांब ठेवा. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णांनी हिवाळ्यात पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर फिरायला जावं, आणि बरं वाटलं म्हणून फवाऱ्याचं औषध आपल्या मनाने थांबवू नये. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. विडी न ओढणाऱ्या बाईला चालताना धाप लागत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. फुंकर मारून करायची फुफ्फुसाची तपासणी करायला सांगा.

त्या दिवशी भरीत उशिरा झालं, पण झालं. इंजिनिअरने पुढच्या वेळी पऱ्हाट्या पत्र्याखाली ठेवायचं कबूल केलं. बांधावर जाऊन बसलेले नातेवाईक धूर विरल्यावर परत येऊन पंगतीत बसले. त्यांना निदान उठून लांब जाता आलं.